अनुसयाबाईची घरपट्टी

गोरेगावजवळच्या एका तांड्यावर अनुसयाबाई आणि तिचा नवरा अमरसिंग राहतात. हळदीच्या ट्रॉलीवरून पडून अमरसिंगची कंबर गेली, तेव्हापासून कमावणारी ती एकटीच. औषधपाण्यात घरपट्टी थकली. पंचायतीचा माणूस वसुलीला येताना दिसला की ती मागच्या दारानं रानात निघून जायची. आज ना उद्या घराला कुलूप ठोकतील, अशी धास्ती दोघांनाही होती.

एका सकाळी पंचायतीची सदस्य मिराबाई दारात आली.

"अनुसया, उद्या ग्रामसभेला ये. जुन्या थकबाकीत गरिबाला सूट देऊन राहिले."

"माझ्यासारखीला कोण देतंय?"

"तू ये तर खरं."

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाई सभेला गेली, बायकांच्या मागं बसली. ग्रामसेविका आकांक्षा मॅडमनी समजावून सांगितलं, की गरीब घरांची अर्धी थकबाकी माफ, उरलेली भरायची. अनुसयाबाई भीतभीत उठली.

"मॅडम, अर्धी भरते मी. पर आमचं घर पक्कं लिवून जास्त पट्टी काहून लावली? आमच्या घराला कुडाच्या भिंती हायेत."

"समोरून तर सिमेंटचं दिसतंय," कोणीतरी म्हणालं.

"पोरीच्या लग्नात ह्यांनी समोरून तेवढा गिलावा केला. आत येऊन बघा."

मॅडम लगेच उठल्या. "चला, बघूनच येऊ."

त्यांच्यामागं निम्मी सभा निघाली. एवढी माणसं दाराशी आलेली पाहून अमरसिंगचा चेहरा पांढरा पडला. बाजेवरून कसाबसा उठत त्यानं दाराची चौकट घट्ट धरली.

"घर सोडणार न्हाई मी! जीव गेला तरी न्हाई!"

"अमरसिंग भाऊ, घर न्यायला न्हाई आलो," मिराबाईनं त्याचा हात धरला. "पट्टी कमी करायला आलोय."

त्याला आधी ते खरंच वाटेना. मॅडमनी आत जाऊन भिंती पाहिल्या, पत्रे पाहिले. तिथंच अंगणात ठरलं, की घराची नोंद 'कच्चं घर' अशी करायची, निम्मी थकबाकी माफ करायची आणि बाकीची हळद निघाल्यावर घ्यायची. अमरसिंग चौकट सोडून खाली बसला आणि सगळ्यांसमोर रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "अनुसया, च्या ठेव सगळ्यायला."

साखर शेजारून आली. कप पुरले नाहीत, तेव्हा लोकांनी पाळीपाळीनं चहा घेतला.

हळदीची मजुरी हाती येताच अनुसयाबाई पंचायतीत गेली आणि पट्टी भरली.

"मॅडम, तुमचे लई उपकार झाले."

"उपकार कसले, मावशी? गावानंच ठरवलं."

"ते व्हय. पर तुमी उठून आमच्या घरापर्यंत चालत आल्या. इतक्या वर्षांत आत येऊन कोणी बघितलं न्हवतं."

आकांक्षा मॅडम शेजारची खुर्ची पुढं ओढत म्हणाल्या, "बसा मावशी, पाणी घ्या." अनुसयाबाई खुर्चीवर बसली, सावकाश पाणी प्यायली आणि अमरसिंगसाठी भजी बांधून घ्यायला बाजाराकडं गेली.