उतार नसलेली खोली

“कोचताई, तुम्हाला खरी सायकल येते तरी का?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि नेमकं त्याच क्षणी गाणं संपलं. त्यामुळे तो चारी भिंतींवर आपटून, आरशावरून घसरून, पुन्हा विचारणारीच्याच कानात आला. मागच्या रांगेत उंची आणि चष्मेवाली, तिच्या दोघी मैत्रिणी, हँडलवर डोकं टेकवून खिदळत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. ‘एवढी भोंगा ना तू, मग विचारून दाखव!’ आणि अशा वेळी मागे हटली तर ती भोंगा कसली?

पण खिदळणं लवकरच विरलं. पुढच्या रांगेतल्या काकू मंडळींनी माना वळवल्या, आणि त्या वळण्याची तऱ्हा काही बरी नव्हती. घरात कुणी आजारी असताना पोरांनी दंगा केला की मोठी माणसं जशी बघतात, तशी.

कोचताई सगळ्यांकडे तोंड करून आपल्या सायकलवर बसल्या होत्या. हँडलच्या खाली, दोन गुडघ्यांच्या मधोमध असलेला लाल नॉब त्यांनी हळूच दाबला. पुढचं जड चाक थांबलं.

“येते,” त्या म्हणाल्या. मग नेहमीच्या आवाजात, “हं, मुठी. दोन्ही हात हँडलवर. आवळा. सोडा. आवळा. सोडा. झालं. घाम पुसा, पाणी प्या.”

आणि त्या खाली उतरून खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

फर्निचरच्या दुकानावरचा हा हॉल. खाली सोफे, वर सायकली. सायकली जागच्या हलत नसत, पण त्यांच्यावर बसलेल्या बायका मात्र कुठल्या कुठे जाऊन येत. “चला, चढ आला! नॉब उजवीकडे. अजून. अजून थोडा. उभ्या राहा! डोंगराला दया येत नसते, काकू!” असं कोचताई ओरडल्या की बँकेतल्या काकू धापा टाकत म्हणायच्या, “डोंगराला नको येऊ दे, तुम्हाला तरी येऊ दे!” मग हसता हसता पेडल आणखी जड व्हायचं. इथे बारीक व्हायला यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं जाई. इथे ताकद मिळते. जड चाक, हळू पाय, मांड्यांना आग. मग सीटवरच बसून डंबेल. आणि शेवटी, का कोण जाणे, त्या मुठी. बोटांचा व्यायाम, असं ताई म्हणायच्या. मुलींनी त्याला ‘लिंबू पिळणं’ असं नाव ठेवलं होतं.

भोंगा इथे आली तेव्हा भोंगा नव्हती. शाळेत हजेरीला ‘हजर’ म्हणायचं सोडून नुसता हात वर करणारी मुलगी होती ती. आईने तिला इथे आणून सोडलं, पाठीचा बाक जावा म्हणून. पहिल्याच आठवड्यात ताईंनी तिला पुढे बोलावलं. “मला मोजायला एक माणूस लागतं. तू मोज.”

ती पुटपुटली.

“मला ऐकू आलं नाही.”

ती जरा मोठ्याने पुटपुटली.

“पंख्याला ऐकू आलं नाही. खाली सोफ्यांना ऐकू गेलं पाहिजे.”

तो आकडा कितवा होता कुणास ठाऊक, पण पोटातून असा काही निघाला की खालचा दुकानदार जिना चढून वर आला. “सगळं ठीक आहे ना? काही पडलं का?” सगळ्या बायका हसून हसून सायकलवरून घसरल्या, आणि त्या दिवसापासून ती भोंगा झाली. आता वर्गात पहिला हात तिचा. नाटकात राजा ती. घरी बाबा म्हणायचे, “हिचं बटण कुठे आहे ते सापडलं तर सांगा.” बाबा फ्रिज दुरुस्त करायचे, त्यांना प्रत्येक गोष्टीला बटण असतं असं वाटायचं.

म्हणजे हा आवाज ताईंनीच दिलेला. आणि आज त्याच आवाजाने...

पण चूक तरी काय होती त्यात? दारावर भलंमोठं पोस्टर होतं. ‘बायांनो, बाहेर पडा! सायकल चालवा!’ अक्षरं उन्हाने फिकी पडलेली, पण फोटो चांगला होता. त्यात कोचताई आणि गोल चष्म्याची एक ठेंगणी बाई, दोघी खऱ्या सायकली धरून, तोंडभर हसत. आणि इकडे ताई रोज पायी येत. सकाळी हॉस्पिटलात मोडक्या पायांच्या माणसांना चालायला शिकवत, संध्याकाळी पाठीवर पिशवी टाकून, फुटपाथच्या अगदी आतल्या कडेने चालत इथे येत. बायांनो बाहेर पडा म्हणायचं आणि आपण मात्र पायी! चष्मेवालीने हे शोधून काढलं होतं. उंची म्हणाली होती, “मला वाटतं, येतच नसेल त्यांना.”

“आम्ही खाली थांबतो हं,” असं म्हणत दोघी आता चपला हातात घेऊन पसार झाल्या. काकू मंडळीही गेली. जाता जाता बँकेतल्या काकू भोंग्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “तुला माहीत नव्हतं गं.” टपली मारली असती तर बरं वाटलं असतं.

भोंग्याने फडकं उचललं आणि ती सीट पुसू लागली. ताई दुसऱ्या टोकाकडून पुसत येत होत्या. मधल्या सायकलीशी दोघींची गाठ पडली.

“त्या फोटोतली बाई पाहिलीस?” ताईंनी विचारलं.

भोंग्याने मान हलवली.

“माझी थोरली जाऊ. लोकांची जावाजावांची भांडणं असतात, आमचं भांडण एकच. सीट. मी वर करायची, त्या खाली करायच्या. ‘माझे पाय जमिनीला टेकले पाहिजेत,’ म्हणायच्या. मी म्हणायची, अहो, ही सायकल कुठे पळून चालली आहे?” ताई हसल्या. “माझी मुलं त्यांनी वाढवली. मी नोकरीला जायची ना. गुडघे दुखतात म्हणाल्या, म्हणून मीच इथे ओढून आणलं. लहानपणी भावाची सायकल पुसून द्यायच्या. रोज पुसायच्या. बसल्या कधीच नाहीत. बसायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं.”

ताईंनी फडकं झटकलं.

“आणि मग अशी ताकद आली त्यांच्यात! सगळ्यांच्या आधी जड चाकावर उभ्या. मला वाटलं, आता खोलीत काय ठेवायचं यांना? सगळ्यांना म्हटलं, चला रस्त्यावर. पोस्टर छापलं. मैदानावर शिकवलं. तोल कसा, हा हा म्हणता आला. मग एका रविवारी सगळ्या निघालो. पाण्याच्या टाकीचा चढ आहे ना, तो जाऊबाई सर्वांत आधी चढल्या. वरून ओरडल्या, ‘आहे का कुणी माझ्या मागे?’”

खालून टेबल सरकवल्याचा आवाज आला.

“मग पलीकडचा उतार. सायकलने वेग घेतला. घाबरल्या असतील. त्यांनी उजवा हात सोडला आणि खाली नेला.”

ताईंचाही हात सवयीने खाली गेला, लाल नॉबवर.

“हा दाबायला,” त्या म्हणाल्या.

भोंग्याला आधी कळलंच नाही. मग तिचं फडकं सीटवरच थांबलं.

“तिथे नॉब नसतो, ताई.”

“नसतो ना. मी मागून ब्रेक, ब्रेक म्हणून ओरडत होते. त्यांचा हात हवेत चाचपडत होता. सायकल एका हातावर वाकडी गेली. खाली वळणावर भिंत आहे.” ताईंनी नॉब पुसला. आधीच पुसलेला होता. “त्यांना कुणी शिकवलं होतं, घाबरलात तर नॉब दाबा म्हणून? मीच. रोज. पाय ऐकेनासे झाले, दाबा नॉब. चक्कर आली, दाबा नॉब.”

“पण मैदानावर ब्रेक शिकवले असतील ना तुम्ही?”

“शिकवले. मैदान सपाट. तिथे त्या पाय टेकूनच थांबायच्या, आणि मी हसायची. सीट खाली का हवी ते कळलं म्हणायची.” ताईंनी फडकं हँडलवर टाकलं. “मी सगळ्यांना चढ दिले गं. उतार द्यायचा राहून गेला. या खोलीत उतार नसतो.”

आरशात रिकाम्या सायकलींच्या दोन रांगांच्या चार झाल्या होत्या.

“म्हणून मुठी?”

“म्हणून मुठी. निदान हातांना माहीत असावं.”

“तुमच्या घरचे...”

“भाऊजी एक शब्द बोलले नाहीत मला. बोलले असते तर बरं झालं असतं.” ताईंनी दाराकडे पाहिलं. “पोस्टर काढायला गेले होते मी. नीट बघ, त्यात त्यांचे दोन्ही हात ब्रेकवर आहेत. फोटोसाठी मीच ठेवायला लावले होते. मग नाही काढवलं.”

भोंग्याला खूप काही म्हणायचं होतं, पण घशातून निघालं ते जुन्या मुलीचं पुटपुटणं. “सॉरी.”

“पंख्याला ऐकू आलं नाही,” ताई म्हणाल्या. ओठ हसले, डोळे नाही.

“मला शिकवाल?” हे मात्र मोठ्याने निघालं. “रस्त्यावर?”

“नाही,” म्हणत ताईंनी पंखा बंद केला.

जिन्याखाली मैत्रिणी उभ्याच होत्या. “काय म्हणाल्या? रागावल्या? येते का त्यांना?” भोंगा म्हणाली, “येते. आपल्या सगळ्यांपेक्षा चांगली येते.” आणि पुढे घरापर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. हे पाहून उंचीच रडायला लागली.

घरी मागच्या गॅलरीत आई धुतलेले कपडे वाळत घालत होती. दोरीवर टॉवेल, आणि कोपऱ्यातल्या सायकलवर बारीकसारीक कपडे. हँडलवर मोजे, सीटवर बाबांचा कामाचा शर्ट. ती सायकल कायम तिथेच होती. टायर बसलेले, साखळी तांबूस. भोंग्याने तिला कधी सायकल म्हणून पाहिलंच नव्हतं. कपडे वाळवायची वस्तू, एवढंच.

“आई, तू ताईंच्या क्लासला जायचीस?”

आईच्या हातातला चिमटा उघडा राहिला.

“कोणी सांगितलं?”

“कुणी नाही. ही सायकल कुणाची आहे मग?”

औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरवर उभी राहणारी आई, जिला कुणी काही विचारलं की उत्तर तयार असतं, ती हँडलवरचा मोजा उगाच सरळ करू लागली.

“उतारावर पुढे ताईंच्या जाऊबाई,” ती म्हणाली, “मग ताई, आणि ताईंच्या मागे मी. मी ब्रेक दाबले. माझे हात आपोआप दाबले गेले. त्यात माझी काही हुशारी नाही. मी लहानपणी तुझ्या मामाची सायकल पळवायची. तो झोपला की न्यायची, पडायची, मार खायची, पुन्हा न्यायची. त्या कधी पडल्याच नव्हत्या. त्यांना कुणी पडू दिलं नव्हतं.” तिने चिमटा लावला. “इथवर सायकल हातात धरून चालत आले त्या दिवशी. त्यानंतर बसले नाही. ताईंच्या समोरही गेले नाही. तुला सोडायला गेले तेव्हा बघ, खालूनच परत आले.”

“मग मला का पाठवलंस?”

“ती सायकल जागची हलत नाही म्हणून.”

बाबा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांना सगळं माहीत असणार. फ्रिज उघडून बघावा तसे ते आईच्या चेहऱ्याकडे बघत होते.

भोंगा पुढे झाली. तिने सीटवरचा शर्ट उचलून बाबांच्या हातावर ठेवला. मग मोजे. मग नॅपकिन. ओले कपडे घेऊन बाबा खुंटीसारखे उभे. खालची सायकल हळूहळू दिसू लागली. हँडल, घंटी, दोन्ही बाजूंचे ब्रेक. मधोमध मात्र नुसती लोखंडी नळी. तिथे दाबायला काहीच नव्हतं.

“आई, बाबा, मी काहीतरी ठरवलंय,” ती म्हणाली. आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार, पण तिने तो आवरला नाही. “मी रस्त्यावर सायकल शिकणार. ही दुरुस्त करून. आत्ता पडून घेणार, मोठी झाल्यावर नाही. आणि आधी उतार शिकणार, मग चढ. शिकवायला कोचताईच हव्यात. त्या नाही म्हणाल्यात. मी उद्या परत विचारणार, परवा परत विचारणार. आणि यात कुणाची पैज नाहीये.”

बाबांनी ओल्या कपड्यांसकट वाकून बसलेला टायर दाबून पाहिला.

आईने ओला हात पदराला पुसून सायकलच्या हँडलवर ठेवला. हात आपणहून ब्रेकवर गेला. तिने मूठ आवळली. सोडली. गंजलेला ब्रेक दाबला गेला तो तसाच राहिला, परत आलाच नाही. मग आईने एका बोटाने तो सावकाश ओढून जागेवर आणला.