वरच्या बाथरूममधला टीव्ही

थोरल्या जावेने बाथरूममध्ये टीव्ही लावून घेतला तेव्हा धाकटी पोट धरून हसली होती. आता तुझी वहिनी अंगाला साबण लावता लावता बातम्या बघणार का, असं तिने नवऱ्याला विचारलं. नवराही हसला, पण खिडकी लावून घेऊन, कारण थोरला भाऊ आणि वहिनी वरच्याच मजल्यावर राहायचे आणि या घरात आवाज भिंतींना जुमानत नसत.

थोरलीचं म्हणणं साधं होतं. पार्लरमध्ये दिवसभर उभं राहून बायकांची डोकी धुवायची म्हणजे पायांची वाट लागते. संध्याकाळी घरी आल्यावर टबात गरम पाणी सोडून अर्धा तास पडलं की जीव परत येतो, आणि तेवढ्यात एखादी मालिका बघून होते. लेक शिकायला बाहेरगावी, नवरा कामावरून उशिरा येणारा. टीव्ही स्वतःच्या कमाईतून घेतला होता, कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता. धाकटीला तेही जरा लागलं होतं. तिने मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलं होतं, आणि सध्या ती टिल्लूच्या मागे धावत होती.

टिल्लू दीड वर्षाचा. बाकी सगळं ठीक, पण आंघोळ म्हटली की घराचं रणांगण व्हायचं. धाकटीकडे पाण्याचं तापमान दाखवणारं प्लास्टिकचं बदक होतं, डोळ्यांना न झोंबणारा शाम्पू होता, पाणी तोंडावर येऊ नये म्हणून डोक्याला घालायची रबरी झालर होती. बदक सदतीस दाखवायचं, तरी ती कोपर बुडवून पुन्हा बघायची. मग टिल्लूची मान खाली दाबून डोक्यावर तांब्या रिकामा करायची, आणि तो असा टाहो फोडायचा की समोरच्या बंगल्यातले आजोबा गॅलरीत येऊन उभे राहायचे. आंघोळ संपेपर्यंत मुलापेक्षा आईच जास्त भिजलेली असायची.

एक दिवस खालचा गीझर बंद पडला. नवऱ्याने टिल्लूला उचललं आणि वर नेऊन वहिनीच्या हवाली केलं. पार्लर अकराला उघडायचं, त्यामुळे दहाला ती घरीच असायची. धाकटी खाली कान देऊन बसली. रडण्याचा आवाज आला नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. इतकं गप्प मूल म्हणजे काहीतरी झालं. ती जिन्याच्या अर्ध्यावर पोचली तोच थोरली टिल्लूला पंच्यात गुंडाळून खाली आली. गाल लाल, केसांचा भांग पाडलेला, स्वारी अगदी लग्नाला निघाल्यासारखी.

"रडला नाही?" धाकटीने विचारलं.

"छे. टीव्ही होता ना," थोरली म्हणाली आणि जोडे घालून कामाला निघून गेली.

गीझर चौथ्या दिवशी दुरुस्त झाला, पण तोवर टिल्लूची सवय पक्की झाली होती. दहा वाजले की तो जिन्याच्या पहिल्या पायरीला धरून उभा राहायचा आणि छताकडे बोट करून "वल, वल" म्हणायचा. खालच्या बाथरूमच्या दारात नेलं की पाय ताठ करून मागे झुकायचा. नवरा म्हणाला, जाऊ दे ना, तेवढीच तुला विश्रांती. विश्रांती. धाकटीने तो शब्द दिवसभर खड्यासारखा तोंडात घोळवला.

विश्रांती ती अशी घ्यायची, की मूल वर गेलं की खालच्या बाथरूममध्ये स्टूल ठेवून बसायची. दोन्ही बाथरूमच्या झडपा एकाच पोकळीत उघडत होत्या, तिथून वरचं सगळं खाली झिरपायचं. पाण्याचा आवाज, मग कार्टूनचे आवाज. एक जाडाभरडा, बेडकासारखा, एक बारीक, चिमणीसारखा, आणि त्यांच्यामध्ये टिल्लूचं खळखळून हसणं. तिच्या हाताखाली तो असा कधी हसला नव्हता. खाली आला की ती त्याचं डोकं हुंगायची. दुसऱ्याच साबणाचा वास. तिचं स्वतःचं मूल दुसऱ्याच्या घरचं वाटायचं, आणि ती ते मनातल्या मनात पुन्हा धुवायची.

वर जाऊन एकदा बघायला काय हरकत होती? पण नाही. आपल्याच मुलाच्या आंघोळीला पाहुण्यासारखं दाराशी उभं राहायचं आणि वर वहिनींचे आभार मानायचे, हे तिच्याने होणार नव्हतं. मुलाला नेण्याआणण्याचं काम तिने नवऱ्यावर टाकलं.

महिनाभर तिने हे सोसलं. एका गोष्टीने तिला धीर होता. मुलाला वहिनी आवडत नव्हत्या, टीव्ही आवडत होता. टिल्लू काय, कुठलंही मूल हलत्या चित्रापुढे गप्प बसतं. आणि टीव्ही काय, दुकानात मिळतो.

दुकानात ती सत्तावीस प्रश्न मोबाईलवर लिहून गेली. विक्रेत्याने सवयीप्रमाणे चालू टीव्हीवर ग्लासभर पाणी ओतून दाखवलं आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिला. धाकटीने विचारलं, पाणी ठीक आहे, वाफेचं काय? काच धुरकट होते का? शॉक लागायची शक्यता किती? मुलाचे डोळे पडद्यापासून अडीच फुटांवर असतील, चालेल का? विक्रेता सांगत गेला: काच आतून किंचित गरम राहते म्हणून वाफ धरत नाही, आत फक्त बारा व्होल्टचा प्रवाह येतो, मोठा करंट बाहेरच अडतो, रिमोट पाण्यात पडला तरी तरंगतो. डोळ्यांचं काही तो बोलला नाही.

"बाथरूम केवढी आहे?" त्याने विचारलं.

नवऱ्याने दोन्ही हात पसरून दाखवली. हात पूर्ण पसरावे लागले नाहीत. विक्रेता म्हणाला, मग एकोणीस इंची घ्या, पुरेसा होईल.

"एकोणीस इंची वरती आहे," धाकटी म्हणाली. "चोवीसचा दाखवा."

विक्रेत्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा भिंतीवरच्या मिक्सरांकडे बघत होता.

बसवायला तोच वायरमन आला, ज्याने वरचा बसवला होता. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा, प्रत्येक भिंतीला बोटाने टकटक करून मगच काही सांगणारा माणूस. धाकटीने आदल्या दिवशीच टीव्हीच्या मापाचा कागद कापून भिंतीच्या फरशीवर चिकटवला होता. ती स्वतः टिल्लूच्या प्लास्टिकच्या टबात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, आणि नवऱ्याने कागद वरखाली सरकवत तिच्या डोळ्यांची पातळी धरली होती. नंतर तिला टबातून ओढून बाहेर काढावं लागलं. वायरमनने तो कागद बघितला, मान डोलावली आणि कटर चालू केलं. तासाभरात चार फरश्या निघाल्या, भिंतीत चौकोनी खड्डा झाला, पांढरी धूळ टूथब्रशपर्यंत पोचली. टिल्लू आतल्या खोलीत बापाच्या खांद्यावर डोकं खुपसून बसला होता.

"अडॅप्टर या वरच्या कपाटात ठेवा," धाकटी म्हणाली. "टॉवेलांच्या मागे. बाहेर डबडं दिसायला नको."

"नाही ताई, मोकळ्या हवेतच ठेवणार. पॅसेजमध्ये," वायरमन म्हणाला. "वरच्या मॅडमनी असंच टॉवेलांत ठेवायला लावलं होतं. गरम होऊन जळला. तीन आठवडे झाले, टीव्ही नुसता आरशासारखा भिंतीवर आहे. नवा अडॅप्टर मागवलाय, अजून आला नाही."

धाकटीला आधी नीट कळलंच नाही. "किती आठवडे?"

"तीन. चार दिवस जास्तच. का, तुम्हाला बोलल्या नाहीत?"

तिने मनात दिवस मोजले, आणि मोजून झाल्यावरही मोजत राहिली. काल सकाळी झडपेतून बेडूक बोलला होता. परवा चिमणी रुसली होती आणि टिल्लू हसून हसून उचकी लागेपर्यंत पोचला होता. बंद टीव्हीतून. इतके दिवस ज्या वस्तूचा ती हेवा करत होती ती वस्तू तिथे नव्हतीच. तिथे वहिनी होत्या, त्यांचा आवाज होता, आणि त्यांचे हात. महिनाभराचा धीर एका वाक्यात गळून पडला.

वायरमन खड्ड्यापुढे उभा होता. म्हणाला, बसवू ना ताई? फरश्या तर फुटल्या. ती म्हणाली, बसवा.

टीव्ही छानच बसला. कडेने सिलिकॉनची पांढरी रेघ, मध्ये काळी काच, त्या एवढ्याशा बाथरूममध्ये सिनेमागृह आल्यासारखं. सिलिकॉन सुकायला एक दिवस दिला. दुसऱ्या दिवशी दहाला तिने टिल्लूला टबात बसवलं, नवऱ्याने बदकांचं गाणं लावलं. टिल्लू बघत राहिला. एक मिनिट, दीड मिनिट. धाकटीने श्वास रोखून तांब्या उचलला, त्याची मान खाली दाबली आणि पाणी ओतलं.

समोरचे आजोबा गॅलरीत आले. पडद्यावर बदकं नाचत राहिली.

त्या संध्याकाळी धाकटी वर गेली. थोरली टबाच्या कडेवर बसली होती, साडी गुडघ्यांपर्यंत खोचून पाय गरम पाण्यात सोडलेले. पोटऱ्यांवर निळ्या शिरा उमटल्या होत्या. भिंतीवरच्या काळ्या काचेत दोघी दिसत होत्या.

"टीव्ही बंद आहे हे मला का नाही सांगितलंत?"

थोरलीने पाय हलवले नाहीत. "काय सांगू? तुझं पोरगं माझ्या हाताखाली गप्प बसतं, हे सांगू? टीव्हीचं नाव घेतल्यावर तुझा चेहरा जरा सैल व्हायचा. म्हटलं, असू दे."

"आणि मी दुसरा घ्यायला निघाले तेव्हा?"

थोरलीने नळ सोडला, पुन्हा बंद केला. "तेव्हा सांगायला पाहिजे होतं. पण सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, मग कसं करता. आणि एकदा दाखवलं की पोरगं खाली गेलं असतं." ती काचेकडे बघत बोलत होती. "तुझा टीव्ही बसून तो गप्प राहिला असता, तर मला झोप लागली नसती. आता काय बोलायचं ते बोल."

धाकटीने बोलायचं बरंच काही जिन्यातच जुळवून आणलं होतं. त्यातलं एकही वाक्य आता बसेना. आपल्या पोटात जे जळत होतं तेच वरच्या मजल्यावरही जळत होतं, हे तिच्या गणितात कुठेच नव्हतं. तिला राग आला, आणि रागाच्या आत लाज वाटण्याइतका आनंदही झाला.

"दाखवा," ती म्हणाली.

"उद्या आण त्याला."

"उद्या नको. आत्ता. माझ्यावर."

थोरलीने तिला खाली बसवलं, पाठ टबाला टेकवली आणि मानेखाली घडी केलेला टॉवेल दिला. एक हात मानेमागे आला, डोकं मागे झुकलं, वजन त्या हाताने उचलून धरलं. दुसरा हात कपाळावर आडवा टेकला, घट्ट, टोपीच्या कडेसारखा. मग बेडकाच्या आवाजात, अगदी गंभीरपणे, थोरली म्हणाली, "आता पाणी येतंय." आणि सांगितल्यावरच पाणी आलं. कोमट, मागच्या मागे वाहून गेलं, डोळ्यांना एक थेंब शिवला नाही.

"तू पुढे वाकवतेस," थोरली स्वतःच्या आवाजात म्हणाली. "नाकातोंडात जातं. गिऱ्हाईक असतं तर परत आलं नसतं. आणि तुझे हात लाकडासारखे होतात. त्यांना कळतं ते."

धाकटीने डोळे मिटले. बोटं कानांमागून मानेपर्यंत सावकाश फिरत होती, हजारो डोकी धुतलेली बोटं. दीड वर्षात तिच्या डोक्याला कुणी असा हात लावला नव्हता. आता उठायला हवं, असं तिला दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा ती उठली नाही. मुलाला रोज हे मिळत होतं तर. या वेळी तिला हेवा वाटला तो टिल्लूचा.

दुसऱ्या सकाळी तिने नवा टीव्ही लावला नाही. नवऱ्याला बाहेर काढलं, दार ओढून घेतलं. मानेमागे हात, कपाळावर हात. बेडकाचा आवाज काही जमला नाही. सर्दी झालेल्या हेडमास्तरांसारखा निघाला. टिल्लूने रडायला तोंड उघडलं, तसंच उघडं ठेवून तिच्या उलट्या चेहऱ्याकडे बघितलं. पाणी मागे वाहून गेलं. त्याने थोडं कुरकुरून घेतलं, हक्काचं म्हणून, आणि तिची हनुवटी पकडली.

बाहेर जिन्यात पावलं थांबली होती. थोरली कामाला निघाली असणार, खांद्याला पर्स, पायात जोडे. आत येत नव्हती आणि पुढेही जात नव्हती. धाकटीला ते ऐकू आलं. तिने टिल्लूच्या कानांमागचा फेस धुतला, मग बोटांमधला, मग उगाच पाठीवरून आणखी एक तांब्या. जिन्यात कुणीतरी पाय बदलला.

मग तिने दाराकडे तोंड न वळवता सांगितलं, "वहिनी, नाही रडला. तुम्ही जा, उशीर होईल." जड जिभेने पुढचंही म्हणाली. "रविवारी तुम्हीच घाला त्याला आंघोळ."

"रविवारी आणि बुधवारी," बाहेरून आवाज आला. "बुधवारी पार्लर बंद असतं."

"रविवारीच," धाकटी म्हणाली आणि टॉवेल ओढला.