वायव्येकडचा व्हरांडा

मी आखातातल्या अहमदी या तेलवाल्यांच्या गावातल्या एका जुन्या बंगल्याचा व्हरांडा बोलतोय. जरा मोठ्याने बोलावं लागेल, कारण माझ्या भिंतीवर एसीचा बाहेरचा डबा घरघरतोय. त्याचं बरं झालेलं मला बघवत नाही, हे आधीच कबूल करतो.

पाऊणशे वर्षांपूर्वी इंग्रज तेलवाल्यांनी इथल्या उजाड उंचवट्यावर वसाहत मांडली. वारा येतो वायव्येकडून. म्हणून उत्तरेची घरं साहेबांची, मधली हिंदी-पाकिस्तानी कारकुनांची आणि दक्षिणेला मजूर. सगळ्यांच्या अंगावरून गेलेला वारा त्यांच्या वाट्याला. मी साहेबाच्या घरचा. तेव्हा घर म्हणजे मीच. चहा माझ्यावर, पत्ते माझ्यावर, उन्हाळ्यातली झोपही माझ्यावर. आतल्या खोल्यांत नुसत्या ट्रंका.

मग एसी आला. माणसं दारं लावून आत बसली. गारवा त्यांना, याचा गरम श्वास मला.

आता इथे संग्राम राहतो. मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर आहे. यंदा त्याने मला भिंत घालून सामानाची खोली करायचं ठरवलं. गवंडी इद्रीस फीत घेऊन आला.

"साब, मशीन हटाना पड़ेगा. बंद कमरे में नहीं चलेगी."

"छत पे लगा दो."

बुधवारी विटा येणार होत्या. म्हणजे मी गुदमरणार आणि हा गच्चीवर हवा खाणार!

त्याच आठवड्यात संग्रामच्या आईने, लातूरहून आलेल्या मंदाबाईंनी, कुरडयांसाठी गहू भिजवला.

सून मैथिली म्हणाली, "आई, इथे दुकानात मिळतात की."

"मिळतात गं. चपलेसारख्या!"

रविवारी दोघींनी माझ्यावर बाज टाकली, प्लास्टिक अंथरलं आणि सोऱ्याने कुरडया घातल्या. कित्येक वर्षांनी माझ्यावर कुणी मांडी घालून बसलं होतं. मी वाऱ्याला दोन्ही हातांनी आत घेतलं. एसीला दाखवायचं होतं ना! पण त्या वाऱ्यामागून तांबडी धूळ आली. इथले लोक तिला 'तोझ' म्हणतात.

"मैथिली, पळ! उचल, उचल!"

ओल्या कुरडया आत गेल्या. मी शरमेने धुळीखाली पडून राहिलो. सोमवारी वारा पडला, पण हवेतल्या धुळीने सूर्य दिसेना. कुरडयांना आंबूस वास येऊ लागला. मंदाबाई हताश होऊन बाहेर आल्या, एसीच्या डब्यासमोर थबकल्या आणि त्यांनी तळहात पुढे धरला.

"अगं, एवढा ऊन-ऊन वारा फुकट चाललाय की!"

बाज डब्यासमोर आली, वर मलमलीचं धोतर पसरलं. मंगळवारी संध्याकाळी कुरडया खडखडीत वाजत होत्या.

बुधवारी संग्राम म्हणाला, "आई, आवर हे. इद्रीस येतोय."

"चहा पाजून परत पाठव त्याला. पापड राहिलेत, सांडगे राहिलेत. मशीन हलवायचं नाही आणि भिंत तर नाहीच नाही."

"तू जूनमध्ये जाशील. मग?"

"मैथिली करेल."

"मी?" मैथिली दचकली आणि तिघंही हसली.

इद्रीस चहा पिऊन विटा परत घेऊन गेला.

मी वाचलो. पण कुणामुळे? याच्यामुळे! उपकार मानायला हवेत, कळतं मला. जीभ रेटत नाही.

एवढंच मागतो. कधी माझ्यावर खुर्ची टाकाल, तेव्हा पाठ त्याच्याकडे करा आणि तोंड माझ्या वाऱ्याकडे.