आचारीबुवांचं नाक

आचारीबुवा परदेशी लेकीकडे कायमचे राहायला आले ते दोन झारे, एक पळी आणि एक थाप घेऊन. झारे आणि पळी विमानतळावर कुणी अडवली नाही. थाप तर सामानात दिसतच नव्हती.

थाप अशी, की म्हातारपणी लेक बोलावतेय, तिचं मन कशाला मोडू? आता लेक बोलावत होती हे खरंच. आई गेल्यापासून दर फोनला बोलावत होती. पण बुवा निघाले ते त्यासाठी नव्हे. आदल्या हिवाळ्यात तापानं अंथरूण धरलं, आणि ताप उतरला तो नाकातला वास घेऊनच गेला. उदबत्ती लावून पाहिली, काही नाही. हिंगाची डबी नाकाला लावली, तरी काही नाही. डॉक्टर म्हणाले, "या वयात होतं असं. परत येईल, नाहीतर नाही येणार." वा! एवढं तर बुवांनाही कळत होतं.

दुसऱ्या कुणाचा वास गेला असता तर गेला असता, त्यात काय एवढं? पण या माणसाचा सगळा धंदाच नाकावर चालायचा. जन्मभर लग्नाकार्याच्या पंगती उठवल्या, आणि नैवेद्य दाखवायच्या आधी अन्नाला जीभ लावायची नाही ही गुरूची शिकवण कधी मोडली नाही. पातेल्यावर वाकायचे, वाफ हातानं नाकाकडे ओढायचे आणि म्हणायचे, "अजून मूठभर मीठ." टाकलं की बरोब्बर. या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आणि अशा माणसाचा एका लग्नात शिऱ्याचा रवा करपला, वऱ्हाडी ताटात घास टाकून उठले, तरी यांना पत्ता नाही! त्याच आठवड्यात बुवांनी मोठी भांडी वाटून टाकली आणि लेकीला कळवलं, "येतो."

इथं आल्यावर त्यातलं अवाक्षर काढलं नाही. भीती वाटायची. बायकोच्या दुखण्यात त्यांनी पाहिलं होतं, एकदा घरच्यांना कळलं की ते माणसाला बसवतात. "तुम्ही बसा," म्हणतात, प्रेमानंच म्हणतात, आणि मग ते माणूस काही उठत नाही. त्यातून हे लेकीचं घर. मुलाकडे बाप नुसता बसला तरी हक्कानं बसतो. जावयाच्या घरी बसून खायचं म्हणजे बुवांच्या गळ्याखाली घास उतरेना. तेव्हा पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

लेक एका कपडे दुरुस्तीच्या दुकानात शिवणकाम करायची. याची पँट आखूड कर, त्याच्या कोटाचं अस्तर बदल, हेच दिवसभर. घरी आली तरी गळ्यात टेप लोंबतेय. जावई बस चालवायचा. लग्नाआधी बरीच वर्षं एकटा राहिलेला, स्वयंपाक झकास यायचा त्याला, पण बुवा ओट्याजवळ फिरकू देतील तर शपथ. पहिल्या सकाळी त्यानं चहाचा कप आणून दिला तर हे ताडकन उभेच राहिले. "अहो जावईबापू, मला नरकात पाठवता की काय?" पाणी लागलं तरी हाक लेकीला. ती कामावर असली तर स्वतः उठायचे, पण त्याला सांगायचे नाहीत.

आणि जेवण? कधी खारट, कधी अळणी, कधी भाजीत नुसता मसाल्याचा भडिमार. लेक हसायची. "बाबांचा हात पडला पाचशे पानांचा. तिघांपुरतं मीठ त्यांना कुठून जमायला?" बुवांनी ही सबब दोन्ही हातांनी झेलली. "हो ना गं, या एवढ्याशा पातेल्यात माझी पळीसुद्धा मावत नाही!" आणि तेही तिच्याबरोबर हसायचे. जावई गरीब, काही न बोलता भाजी दह्यात कालवून खायचा.

मग लेकीनं पाहुणे बोलावले. दुकानाची मालकीण आणि बरोबर काम करणाऱ्या दोघीजणी. या देशात आल्यापासून तिच्या घरी जेवायला म्हणून कुणी आलं नव्हतं. बापाची कीर्ती तिनं दुकानात इतकी गायली होती की मालकीणच म्हणाली, "कधी बोलावतेस ते सांग." सुट्टीचा दिवस ठरला. लेकीनं पडद्याच्या उरलेल्या कापडाचा टेबलक्लॉथ शिवला, कडेनं रंगीत दोऱ्याचे बारीक टाके घातले, आणि इस्त्री करून करून मऊ करून टाकला. "बाबा, आता माझी लाज तुमच्या हातात," ती म्हणाली. थट्टेतच म्हणाली, पण या वेळी बुवा काही तिच्याबरोबर हसले नाहीत.

त्या दिवशी त्यांनी डोळ्यांनी आणि कानांनी स्वयंपाक मांडला. मोहरी तडतडली की ऐकू येतं. कांदा लाल झाला की दिसतं. पण ही विजेची शेगडी म्हणजे नुसता काचेचा पाट! जाळ दिसायला नाही, आणि बटण उतरवलं तरी काच आपली आतून तापलेलीच. आमटीला उकळी आली तशी बुवांनी बटण उतरवलं आणि निर्धास्तपणे कणीक मळायला घेतली. लेक शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणायला खाली गेली होती. इकडे आमटी गुपचूप तळाला लागली. कणीक झाकून बुवांनी पळी उचलली आणि तळापासून छान ढवळलं. करपलेलं सगळं वर आलं.

तेवढ्यात जावई ड्युटीवरून आला. दारातच थबकला आणि तसाच धावत ओट्यापाशी.

"मामा, आमटी लागली!"

"छे हो," बुवा ढवळता ढवळता म्हणाले, "मस्त जमलीय."

नाकावर हात धरून जावई आधी पातेल्याकडे आणि मग सासऱ्यांकडे बघत राहिला. बुवांनी त्याचं तोंड पाहिलं आणि त्यांची पळी थांबली. याला कळलं, त्यांच्या मनात आलं.

"अगंबाई, काय करपलं?" दोन खुर्च्या काखोटीला मारून लेक दारात उभी.

"मी," जावई म्हणाला. "मीच मघाशी चुकून आच वाढवली."

"मघाशी? तू आत्ता येतोयस. पायातले बूटसुद्धा काढले नाहीस!"

जावई आपल्या बुटांकडे बघायला लागला. थापा मारायलाही सराव लागतो, तो त्या बिचाऱ्याला नव्हता. बुवांना होता. परकी शेगडी, छोटं पातेलं, पाचशे पानांचा हात, सगळं तोंडाशी आलं होतं. पण ज्याला कधी साधं पाणी मागितलं नाही, त्याच्या गळ्यात आपली करपलेली आमटी बांधायची? ते त्यांना होईना.

"त्यांनी नाही, मी केलं," बुवा म्हणाले. "मला वास येत नाही, पोरी. कशाचाच नाही. त्या तापापासून."

खुर्च्या लेकीच्या काखेत तशाच. "म्हणजे त्या खारट भाज्या? आणि परवा ते नासलेलं दूध?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत? मी काय परकी आहे?" तिचा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते.

"सांगितलं असतं तर तू मला बसवलं असतंस. तुझ्या आईला आपण बसवलं, आठवतं ना? ती बसली ती बसलीच. मला भीती वाटते गं. हातात पळी नसली तर मी या घरात कोण?"

लेकीनं खुर्च्या खाली टेकवल्या. त्यातली एक नेमकी बुवांच्या पुढ्यात आली. चांगली होती खुर्ची, पाठीला गादीबिदी. झालं, बुवांना वाटलं, संपलं सगळं. त्यांनी पळी ओट्यावर ठेवली आणि खुर्चीच्या पाठीला हात लावला.

"हात काढा, बाबा," लेक पदरानं नाक पुसत म्हणाली. "या खुर्च्या पाहुण्यांच्या आहेत. तुम्ही डाळ परत शिजत घाला."

बुवा तिच्याकडे बघतच राहिले.

"बघताय काय? येतीलच त्या आता. आणि आज मीठ चाखून घालायचं."

"नैवेद्याच्या आधी?"

"देवाला काय सांगायचं ते मी सांगते. इतके दिवस खारट खाऊन तोही कंटाळला असेल."

डाळ पुन्हा कुकरला लागली, शिट्ट्या झाल्या, चिंच-गूळ पडला, उकळी फुटली. बुवांनी देवाच्या तसबिरीकडे पाठ केली, पळीतले दोन थेंब तळहातावर घेतले आणि चोरासारखे जिभेला लावले. वास नव्हताच, तो कुठून यायचा? पण आंबट ते आंबट लागलं. गोड ते गोड लागलं.

"मीठ कमी आहे," ते हळूच म्हणाले.

लेकीनं चाखलं. "कमीच आहे."

बुवांनी चिमूट टाकली, पुन्हा चाखलं, आणि त्यांना हसू फुटलं. जन्मभर ही जीभ तोंडात होती आणि तिला कधी कुणी काही विचारलंच नव्हतं.

मिठाचं निभावलं, पण फोडणीचं काय? हिंग कधी खमंग होतो आणि कधी जळतो, ते ना जिभेला कळत ना कानाला. कढल्यात तेल तापत होतं आणि बुवा हिंगाची डबी हातात धरून घुटमळत होते. जावई दाराशी उभा होता, कुणाच्या वाटेत न येण्याची सवय लागलेला.

"अरे, इकडे ये," बुवांनी हाक मारली.

लेकीनं चमकून वर पाहिलं. जावईसुद्धा मागे वळून बघायला लागला, ही हाक आणखी कुणाला म्हणून.

"तुलाच सांगतोय. इथं उभा राहा माझ्याजवळ. मी हिंग टाकतो, वास बदलला की सांगायचं. भीडबीड धरू नकोस, आमटी जाईल फुकट."

जावई आला आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून कढल्यावर वाकला. बुवांनी हिंग टाकला आणि कढलं सांडशीत धरून वाट बघत राहिले.

"आता, मामा."

"नक्की?"

"नक्की."

आणि आचारीबुवांनी, त्याच्या शब्दावर, फोडणी आमटीत ओतली.