भिवाचा कावळा आणि मोईनचा बाज

भिवाच्या कावळ्यासाठी आम्ही दुबईच्या डोंगरातल्या हत्त्याला गेलो, हे आधीच सांगून टाकतो. भिवाच्या पोरानं, सुदेशनं, हापिसात "ऑटम केबिन गेटअवे" असं सांगितलं होतं. बरोबरच केलं. बापाचा कावळा शोधायला जातोय म्हटलं असतं तर दुबई मरीनातल्या त्या काचेच्या हापिसात पोराची काय इज्जत राहिली असती?

भिवा माझा दोस्त. एकाच गावचे, एकाच एजंटाच्या हातनं दुबईला आलेले. तो शटरिंगला, मी ड्रायव्हर. देऱ्याच्या खोलीत त्याची खाट वर, माझी खाली. त्याच्या पायाची रेती माझ्या तोंडावर पडायची. त्या रेतीच्या पगारावर त्यानं गावाला चिऱ्याचं घर बांधलं, आणि मरेपर्यंत एकच बोलायचा, "दगड्या, माझ्या घराला कुलूप लागलं तर मी वर पण झोपणार नाय." दोन वर्षं झाली त्याला जाऊन.

घराला आता कुलूप आहे. कारण त्याची बायको, आमच्या सगुणा वहिनी, मरीनात. सुदेश त्यांचा एकुलता एक. तो नोकरीला, त्याची बायको रंजिता नोकरीला, आणि नात अस्मी दुसरीत. अस्मीला सांभाळणारी बाई काम सोडून गेली, तशी सुदेशला आईची आठवण आली. "दोन महिने फिरायला ये," म्हणाला. वहिनी फिरल्या. किचनपासून स्कूलबसपर्यंत, आणि स्कूलबसपासून किचनपर्यंत. व्हिसा एकदा वाढवला, मग परत वाढवला. वहिनी विचारायच्या, "जाऊ कधी रे?" सुदेश म्हणायचा, "तिकीट काढतो आई, इन्शाल्ला."

इथं राहणाऱ्याला सांगायला नको, पण तुम्ही नवीन असाल तर ऐका. मोईन, जो पुढं भेटेल, त्याच्यासारख्या नमाजी माणसाच्या तोंडात इन्शाल्ला म्हणजे देवाची मर्जी. मॅनेजर लोकांच्या तोंडात इन्शाल्ला म्हणजे दुकान बंद, उद्या या. सुदेश मॅनेजर झाला होता.

तर पितृपक्ष आला. भिवाच्या तिथीला वहिनींनी पान वाढलं आणि बाल्कनीत ठेवलं. एकेचाळिसावा मजला. तिथं ढग पण पास दाखवून येतो, कावळा कुठला! दोन कबुतरं आली, बघून गेली. मग सिक्युरिटीवाला आला. "मॅडम, बाल्कनीमें फूड अलाउड नहीं." वहिनी म्हणाल्या, "ह्याला विचारा, हा खाणार का?"

पान तसंच उचललं. वहिनी त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सुदेशचा मला शारजात फोन. "काका, इकडे कावळे कुठे मिळतात?" जसे काय किलोवर पाहिजे होते.

मी म्हटलं, "हत्त्याकडं डोंगरात धरणाचं पाणी आहे. मी माल टाकायला जायचो. कावळे मस्त. सर्वपित्री अमावस्येला जाऊ, पान ठेवू, येऊ."

एवढंच बोललो होतो. पण त्यानं बोलता बोलताच मोबाइलवर पाण्याकाठच्या पार्कात केबिन बुक केली. "अस्मीला कयाक, रंजिताला फोटो, आईला कावळा. एका ट्रिपमधे सगळं कव्हर." भाडं दिरहममधे सांगितलं. मी मनात रुपये करायला घेतले आणि अर्ध्यातच सोडून दिले. तब्येतीला बरं नसतं.

शुक्रवारी संध्याकाळी पोचलो. ऑक्टोबर महिना, गाडीच्या काट्यावर छत्तीस. गेटवर बोर्ड, "फील द ऑटम". आत काटेरी झाडांना लाल प्लॅस्टिकची पानं तारेनं बांधलेली. एक झाडूवाला कडुनिंबाची खरी पडलेली पानं गोळा करून पिशवीत भरत होता, आणि दुसऱ्या पिशवीतली प्लॅस्टिकची पानं मुठीनं वाटेवर पसरत होता. मी विचारलं, "भाई, ये क्या?" तो म्हणाला, "असली वाला कचरा है चचा, ये वाला मौसम."

केबिन लाकडाची. आत एसी सोळावर, म्हणून पलंगावर जाड ब्लँकेट. भिंतीवर टीव्हीत लाकडं जळत होती, तडतड आवाजासकट. वहिनींनी त्या जाळासमोर हात धरून बघितला.

"भावजी, उद्या वडे ह्याच्यावर तळायचे?"

रंजिता स्वेटर घालून बाहेर फोटो काढायला गेली. दोन फोटो झाले की आत पळायची, घाम पुसायची, परत स्वेटर चढवून बाहेर. तिला पण नावं ठेवत नाही मी. आठवडाभर बिचारी शेख झायेद रोडवर गाडीत बसलेली असते, तिला कुठंतरी थंडी पाहिजे होती.

सकाळी मी उठलो तर वहिनींची आंघोळ झालेली, लुगडं नेसलेल्या, आणि शेगडीवर खीर. वडे, गवार, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी. मी म्हटलं, "भोपळा कुठून आणलात?"

"पायरीवर ठेवला होता कोणीतरी."

तेवढ्यात रिसेप्शनची पोरगी आली, हसत हसत सगळं ठीक आहे का विचारायला. पायरीकडं बघून तिचं हसू गेलं. "मॅडम, द पम्पकिन वॉज डेकोरेशन."

वहिनींनी टोप उघडून तिला दाखवला. "बघ, चांगला शिजला."

सुदेशनं सॉरी सॉरी करून तिला वाटेला लावली आणि जाता जाता विचारलं, इथं कावळे किती वाजता येतात. ती पोरगी छाती फुगवून म्हणाली, "नो क्रोज, सर! वी हॅव अ फाल्कन."

सुदेशचा चेहरा मी बघितला. बोनस अडकल्यावर होतो तसा झाला. पाण्याच्या कडेनं खरंच एक माणूस हातमोज्यावर बाज, म्हणजे शिकारी ससाणा, घेऊन फिरत होता. कावळे होते, पण लांब, पार बार्बेक्यूच्या कचऱ्यापलीकडं विजेच्या तारेवर. बाज दिसला की पंख झाडायचे आणि तिथंच बसायचे. लाख मोलाची केबिन, आणि कावळे हाकलायला पगारी माणूस!

"थांब, मी बोलतो," म्हटलं आणि गेलो. बाजवाला म्हणजे मोईन, पाकिस्तानचा, दाढीत थोडं पांढरं. मी म्हटलं, "भाईसाब, एक छोटा काम है. आपके पंछी को थोडी देर टोपी पहना दो." बाजाच्या डोळ्यावर चामड्याची टोपी घातली की तो गप बसतो, आणि मोईन त्याला सावलीत नेतो, हे मी सकाळपासून बघत होतो.

मोईन हसला. "चचा, माँजी सुबह ही बोलके गईं. चाय भी पिलाई."

"वहिनी? त्यांना कुठं हिंदी येते?"

"मराठी में बोलीं. मेरे कमरे में रत्नागिरीवाले हैं, मैं समझता हूँ. बोलीं, जब मैं सिर पे पल्लू लूँ, तब टोपी पहनाना. उससे पहले बिलकुल नहीं."

मग एकदम डोक्यात उजेड पडला. आपल्याकडं रीत आहे ना, पानाला कावळा शिवत नसेल तर गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलंय असं समजायचं, आणि घरच्यांनी पानासमोर तोंडानं वचन द्यायचं. कबूल केलं की कावळा येतो. वहिनी बाजाला हाकलत नव्हत्या. वहिनींनी बाजाला दाराशी बसवला होता.

मी परत आलो आणि तोंड भिवाच्या फोटोसारखं सरळ ठेवलं.

दुपार झाली. केळीचं पान पाण्यावरच्या लाकडी कठड्याजवळ ठेवलं. आम्ही सगळे हात जोडून. चेकआउटची वेळ झाली होती, सुदेश घड्याळ बघत होता. पलीकडं मोईन, बाज उघड्या डोळ्यांचा. तारेवर कावळे, जसे सरकारी हापिसातले क्लार्क, सगळं बघतात पण उठत नाहीत.

"येत नाही," वहिनी म्हणाल्या. "काहीतरी राहिलंय त्यांचं."

सुदेश खाकरला, मीटिंगमधे उभं राहिल्यासारखा. "पप्पा, गावच्या शाळेला तुमच्या नावानं पंखे देतो."

"शाळा बंद झाली गेल्या वर्षी," वहिनी.

"मग घराला रंग काढतो. पूर्ण एक्स्टीरियर."

"कुलपाला पण?" हे मी बोललो. राहवलं नाही.

सुदेशनं माझ्याकडं बघितलं. रंजिता हळूच पुढं झाली. "पप्पा, आईंना मी छान स्पाला घेऊन जाईन." वहिनींनी तिच्याकडं असं बघितलं की तिनं स्वेटरचं बटण लावून घेतलं. मग सुदेशनं पोरीला पुढं ढकललं. "अस्मी, आजोबांशी बोल."

"हाय आजोबा. प्लीज ईट. वी हॅव चेकआउट."

कावळा हलला नाही. ऊन डोक्यावर. खीर सुकायला लागली, वड्यांवर मुंग्या. वहिनी बोटानं एकेक मुंगी बाजूला करत होत्या आणि परत परत तारेकडं बघत होत्या. ती काय नाटकं नव्हती. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. पोरगा बोललाच नाही तर? ही बाई आपल्याच हातानं आपल्या नवऱ्याला उपाशी ठेवून बसली होती.

"आई, मला कळतंय तुला काय पाहिजे," सुदेश एकदम बोलला. आवाज मॅनेजरचा नव्हता. "पण अस्मीला कोण बघणार?"

"मी तुला विचारलं होतं का," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तुझा बाप इकडं होता तेव्हा तुला कोण बघणार?"

रंजिता खाली बघत म्हणाली, "सुदेश, आपण दुसरी बाई शोधलीच नाही. आई होत्या म्हणून."

सुदेशनं हात परत जोडले. "पप्पा, आईला दिवाळीच्या आधी घरी पाठवतो. घर उघडेल. इन्शाल्ला."

वहिनींचा हात पदराकडं गेला होता. तो अर्ध्यात थांबला आणि खाली आला. पलीकडं मोईननं पण टोपी परत खिशात घातली. त्यानं लांबून ऐकलं असणार. मान हलवली त्यानं, देवाच्या नावाचा हिशेब त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतो.

"पाठवतो म्हणजे... तिकीट आत्ता काढतो," सुदेश म्हणाला. मोबाइल काढला. पाण्याकाठी नेटवर्क नाही. "वायफायचा पासवर्ड काय आहे?"

"ऑटम. स्मॉल ए," अस्मी म्हणाली. ती कालपासून कार्टून बघत होती.

तिकीट निघालं. सुदेश वाकला आणि मोबाइलची स्क्रीन पानासमोर धरली, बापाला वाचता यावी म्हणून. भिवाला वाचता येत नव्हतं, पण पोराचे डोळे भरले होते, तर मी गप्प बसलो.

वहिनींनी डोक्यावर पदर घेतला.

मोईननं बाजाला टोपी घातली आणि झाडामागं गेला. थोडा वेळ काहीच नाही. मग तारेवरचा एक कावळा उठला, तिरका आला, कठड्यावर बसला, मान वाकडी करून आमच्या सगळ्यांकडं बघितलं आणि खीर सोडून वडा उचलला. भिवाच! त्याला गोड कधी आवडलंच नाही.

त्याच्यामागं सगळी तारच आली. केबिनच्या छपरावर, प्लॅस्टिकच्या पानांवर, रंजिता फोटो काढायची त्या कोपऱ्यावर कावळेच कावळे. रिसेप्शनची पोरगी धावत आली. "सर! सर, द बर्ड्स!"

सुदेश नाक पुसत म्हणाला, "इट्स ओके. दे आर विथ अस."

जेवताना एक ताट मोईनला दिलं. मी वहिनींना बाजूला घेऊन विचारलं, "हे बरोबर झालं का हो? भिवाला फसवल्यासारखं नाही?"

"दार मी लावलं होतं, भावजी," त्या वाढता वाढता म्हणाल्या. "उघडल्यावर आत यायचं की नाही, ते त्यांचं त्यांनी ठरवलं. तुम्ही वडा घ्या."

परतीला मी पुढं बसलो होतो. वहिनी मागं, अस्मीचं डोकं मांडीवर. पोरगी झोपेत होती, आणि वहिनी तिच्या केसांतून बोटं फिरवत खिडकीबाहेर बघत होत्या. जायचं ठरल्यावरच माणूस असं केसातून हात फिरवतो. शारजाच्या ट्रॅफिकमधे अडकलो तेव्हा सुदेशनं हळूच विचारलं, "काका, तो बाजवाला नेमका तेव्हाच कसा गेला?"

मी आरशात बघितलं. वहिनींनी पदर पुढं ओढला.

"देवाची मर्जी," मी म्हटलं. "यल्ला, चल, पुढची गाडी सरकली."