कायद्यानं चालू लिफ्ट

"किल्ली द्या. तपासणीचा दाखला मार्चपर्यंतचा आहे, म्हणजे कायद्यानं लिफ्ट चालू आहे. आपल्याला कायद्यापेक्षा जास्त कळतं का?"

चेअरमन अनिरुद्ध पेशानं वकील होते. कर्वेनगरातल्या त्या सोसायटीत त्यांनी आवाज चढवला की पार्किंगमधली माणसं गप्प व्हायची. लिफ्ट मेकॅनिक योगेशनं मात्र किल्ली मुठीतच ठेवली. वर मशीनरूममध्ये दोराच्या तुटलेल्या तारा त्यानं डोळ्यांनी पाहिल्या होत्या. ऑफिसला फोन केला, तर साहेब म्हणाले, नवा दोर सोमवारी येतोय; चालू करून नीघ, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

तेवढ्यात अपेक्षा जिना उतरून धावत आली. तिची आई यमुनाबाई सहाव्या मजल्यावर. अकराला डायलिसिस, आणि गुडघे केव्हाच गेलेले. योगेशनं तिला दोराचं सांगितलं.

"सोमवारपर्यंत तुटणार आहे का हो तो दोर?" ती रडकुंडीला आली होती.

आता आली का पंचाईत! बंद ठेवावी तर म्हातारीचं डायलिसिस चुकतंय, चालू करावी तर जीव टांगणीला. बहुधा तुटलाही नसता. पण त्या बहुधाच्या भरवशावर त्यानं स्वतःची आई आत बसवली असती का?

"माहीत नाही, ताई. म्हणूनच बंद ठेवतोय. आजींना मी उतरवतो. वरही नेईन."

वॉचमन धोंडिबाला हाताशी घेऊन त्यानं यमुनाबाईंना खुर्चीतून खाली आणलं. धोंडिबा दर मजल्याला लिफ्टच्या नावानं शिव्या घालत होता. यमुनाबाईंनी भीतीनं डोळे मिटून घेतले होते.

दुपारी योगेश आणि मायलेकी दवाखान्यातून परतले, तर लिफ्ट चालू. साहेबांनी दुसरा मेकॅनिक पाठवला होता. योगेशची नोकरी गेल्याचा निरोप मोबाईलवर कधीच आला होता.

चेअरमननी स्वतः दार धरलं. "या, यमुनाबाई. मीही आहे बरोबर."

अपेक्षानं आईकडे पाहिलं. यमुनाबाई दमून पांढऱ्याफटक पडल्या होत्या; एका हातावर डायलिसिसच्या सुयांच्या जागी पट्टी होती. त्यांनी योगेशला विचारलं, "तू बसशील?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. आता हे सांगायचा त्याला अधिकारही उरला नव्हता.

"मग तुम्ही व्हा पुढे," त्या चेअरमनना म्हणाल्या आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकल्या.

लिफ्ट वर गेली. चेअरमन सुखरूप पोचले, लिफ्ट रिकामी खाली आली. योगेश यमुनाबाईंपुढे पाठ करून वाकला.

"पट्टीच्या हातानं नको, आजी. दुसऱ्या हातानं धरा."