अकरा फुलं

पाकळी अंगठ्याला चिकटली होती. निळ्या क्रेप कागदाची, खळीने ओली झालेली, आणि तिचा रंग सुटून अंगठ्याच्या रेषारेषांत शिरला होता. तिने ती बशीच्या कडेला पुसली तर ती मधल्या बोटाला चिकटली, मधल्या बोटावरून तर्जनीला… शी. सकाळपासून हेच चाललं होतं. खळ कालची, आता आंबूस वास मारणारी, आणि तो वास टेबलाला, केसांना, निवून गेलेल्या चहालाही लागलेला. चहा तिने तसाच बाजूला सारला. उद्या वसंताच्या सुट्टीचं जेवण. बाहेर रस्त्यावरची झाडं खऱ्या फुलांनी लगडली होती, पण या घराला टेबलावर कागदाचीच फुलं लागतात, कारण खरी कोमेजतात आणि कोमेजलेलं काही आईंना, म्हणजे तिच्या सासूबाईंना, बघवत नाही.

दरवर्षी बारा ताटं, प्रत्येकाच्या ताटाशी एक फूल, आणि प्रत्येकाचा रंग ठरलेला. सासऱ्यांचं तांबडं, आईंचं पांढरं, तिच्या नवऱ्याचं जांभळं. जिथे तुमचं फूल तिथे तुमची खुर्ची. निळं जावईबापूंचं, वन्संच्या नवऱ्याचं… आणि हे निळंच आज नीट होत नव्हतं. पाकळी ताणायला गेलं की फाटत होती, तारेवर गुंडाळली की सुटत होती. त्याच्यासाठी आपण इतका जीव लावून पाकळ्या वळवतोय या विचाराने तिने बोटं पुन्हा बशीच्या कडेवर घासली.

कारण तिने पाहिलं होतं. मागच्या वर्षी, याच टेबलाखाली. हातरुमाल पडला म्हणून ती वाकली, आणि चादरीच्या झालरीआड वन्संचा हात जावईबापूंच्या हातात होता — प्रेमाने नव्हे, वन्संची करंगळी तो मागे वळवत होता, सावकाश, पेरं पांढरं पडेपर्यंत — आणि वर, टेबलावर, त्याचा आवाज हसत हसत मीठ मागत होता. ती रुमाल घेऊन वर आली. मीठही तिनेच पुढे केलं. घास चावताना तो दातांत मातीसारखा लागला, तरी तिने गिळला, आणि त्यानंतर वर्षभर ती गोष्टही गिळूनच टाकली. जानेवारीत वन्सं नवऱ्याचं घर सोडून निघाल्या, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायला गेल्या, दातांच्या दवाखान्यात कामाला लागल्या. घरात म्हणे, पोरीचं डोकं फिरलं. जावईबापू सासऱ्यांच्या दुकानात भागीदार, तेव्हा ते येणारच. बिचारे एकटे पडलेत, असं आई म्हणतात, आणि ‘बिचारे’ म्हणताना त्यांचा आवाज साखरेत घोळल्यासारखा होतो.

हे फूल करायला तिला शिकवलं वन्संनीच. कागद कडेने नाही ताणायचा, मधोमध दोन्ही अंगठे ठेवून, हळूच, म्हणजे पाकळीला पोट येतं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष. कुठे बसायचं ते कळेना म्हणून ती भिंतीला टेकून उभी होती, सगळे आपापल्या रंगाशी जाऊन बसलेले… आणि एका ताटाशी केशरी फूल, कुणाचंच नसलेलं. “बघतेस काय, तुझंच आहे ते,” वन्सं म्हणाल्या होत्या, “बस की. पाहुणी आहेस का?” त्या एका वाक्यावर ती या घरात बसली होती.

आई आत आल्या. रांगेने ठेवलेल्या फुलांवरून त्यांनी नजर फिरवली, एकाचं देठ उगाच सरळ केलं.

“किती झाली गं?”

“हे निळं धरून अकरा.”

“आणि अजून कापून ठेवलेली?”

“नाही. अकराच कापली होती.”

आईंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला, हलका. “गुणाची गं माझी बाई. मला वाटलं, तुला सांगावं लागेल.” आणि तिच्या गालावरून हात फिरवून त्या निघून गेल्या.

सांगावं लागेल… नाही, कुणीच सांगितलं नव्हतं. बुधवारी ती कात्री घेऊन बसली, घड्या घातल्या, पाकळ्या कापल्या, आणि वन्संच्या रंगाचा पिवळा कागद तिने कपाटातून काढलाच नाही. मी विसरले होते का? विसरले असते तर बरं होतं, विसरणाऱ्याला कुणी गुणाची म्हणत नाही. माझ्या हातांनी न विचारता ओळखलं, या घराला काय हवंय ते. गालावर आईंचा हात फिरला होता तिथे तिने पदराने पुसलं, जोराने, पुन्हा पुन्हा. सकाळपासून ती त्यांना नाक मुरडत होती. जावईबापूंना, आईंना, सगळ्या घराला. आणि वन्संची खुर्ची तर तिने बुधवारीच काढून टाकली होती, सगळ्यांच्या आधी.

फोन वाजला. वन्संचा. दवाखान्यातला कुठल्याशा यंत्राचा आवाज मागे घरघरत होता.

“फुलं करतेयस ना? मधोमध ताण हं, कडेने नको.”

“हो. मधोमधच.”

“हात ओला ठेवू नकोस. रंग जातो.” मग, काही सहज विचारावं तसं, “यंदा किती केलीस गं?”

“बारा,” ती म्हणाली.

पलीकडे यंत्र बंद झालं. “बरं,” वन्सं एवढंच म्हणाल्या, आणि त्या ‘बरं’मध्ये त्यांचा श्वास असा मोकळा झाला की तिला तो ऐकवेना. फोन बंद झाला.

बारा. हे मी त्यांच्यासाठी म्हटलं, की नुसता तो प्रश्न अंगावरून झटकायला? उलटसुलट करून ती स्वतःलाच विचारत राहिली… उद्या बारावं, पिवळं फूल वन्संच्या ताटाशी ठेवायचं म्हणजे आईंच्या डोळ्यांसमोर ठेवायचं, त्या निळ्याच्या शेजारी, आणि कुणी ठेवलं म्हणून विचारलं तर तोंड उघडायचं, टेबलाखालच्या त्या करंगळीपासून सगळं सांगायचं. आणि नाही ठेवलं, तर खोटा ठरायचा ‘बारा’ म्हणणारा तो आपलाच आवाज — किती सहज आला होता तो, किती गोड, आईंच्या ‘बिचारे’सारखा. ती तशीच बसून राहिली. सकाळपासूनची ती किळस अजून होती तेवढीच होती, फक्त आता ती कुणाकडे तोंड करून करायची, हे तिला कळत नव्हतं.